शाळेच्या फलकावर प्रत्येक प्राण्या-पक्ष्याखाली एकच खूण लिहायची, तर कोणती?

गोदाकाठ
मंडळी, जिल्हा परिषद शाळांच्या व्हरांड्यात लावायला एक फलक करायचा आहे. चार फूट बाय तीन फूट. मराठवाड्यात माळाला, शिवारात आणि धरणाच्या काठाला दिसणारे सोळा प्राणी-पक्षी त्यावर घ्यायचे. प्रत्येकाचं चित्र, खाली फार तर दहा शब्दांची एक ओळ. ओळीत फक्त अंगावरची खूण: रंग, पट्टा, ठिपका, कडं, जे असेल ते. सातवीतल्या पोराला पांदणीतून जाताना दुरून तेवढंच दिसतं.

कच्चा मसुदा:
काळवीट – पाठ काळी, पोट पांढरं
खोकड – शेपटीचं टोक काळं
तरस – अंगावर आडवे पट्टे
बिबट्या – अंगभर काळे ठिपके
नीलकंठ – गळा निळा
टिटवी – डोळ्यापुढं लाल लोळी (कातडीची लोंबती घडी)
हळदीकुंकू बदक – चोचीवर पिवळं आणि लाल
भोरडी – अंग गुलाबी, डोकं काळं
रोहित – गुलाबी पक्षी, लांब पाय
मण्यार – काळ्या अंगावर पांढरे पट्टे

सहा जागा रिकाम्या आहेत. काय घ्यावं ते सुचवा, आणि वरच्या दहांत काय चुकलंय ते छपाईच्या आधी सांगा.

बरडमाळ
नीलकंठापासून सुरू करा. तिथं नावानंच घात केलाय. आपल्याकडच्या नीलकंठाचा कंठ निळा नसतो. गळा आणि छाती जांभळट-विटकरी, त्यावर पांढुरक्या रेघा. माथा निळा, पोटाचा मागचा भाग आकाशी. विजेच्या तारेवर पाठमोरा बसला असला तर निव्वळ मातकट पाखरू वाटतं. तारेवरून खाली झेप घेतली की पंख उघडतात आणि गडद निळा, फिकट आकाशी, पुन्हा गडद असे पट्टे लखकन दिसतात.

गळ्यापर्यंत खरोखर निळा असतो तो युरोपी नीलकंठ. तो सप्टेंबर-ऑक्टोबरात आफ्रिकेकडं जाताना पश्चिम भारतावरून जातो. डोकं, गळा, छाती सगळं आकाशी, पण उडताना पंखांची लांब पिसं काळपट दिसतात, पट्टे नसतात. तुमची ओळ वाचून पोरगं वाटसरूला घरचा समजेल आणि घरच्याला ओळखायचंच नाही.

लिहा: उडताना पंखांवर गडद-फिकट निळे पट्टे. चित्रही उडतानाचंच घ्या.

तुऱ्हाटी
अनुमोदन. आणि नावाशेजारी ‘तास, चास’ हेही टाका. म्हाताऱ्या माणसांना नीलकंठ म्हटलं की मोरापासून महादेवापर्यंत काहीही आठवतं, पण तास म्हटलं की दसऱ्याला बघायचा तो पक्षी, हे लगेच कळतं.

दसऱ्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. शेजारच्या तेलंगणात हा राज्यपक्षी आहे, तरी दसऱ्याचं दर्शन घडवायला तो धरून, पंख बांधून आणल्याच्या घटना होतात. बांधलेल्या पंखांचे स्नायू आखडतात आणि सोडला तरी पाखरू नीट उडत नाही. फलकावर जागा उरली तर ‘दसऱ्याला तारेवरच बघा’ एवढे तीन शब्द जरूर लिहा.

सिंदफणा
माझा मुळातच या ‘एकच खूण’ प्रकाराला विरोध आहे. काळवीटच घ्या. पाठ काळी असते ती मोठ्या नराची. कळपात असा काळा नर एखाददुसरा, बाकी सगळ्या माद्या, पाडसं आणि तरणे नर पिवळसर तपकिरी. जन्मतः कुणीच काळं नसतं. नराचा रंग वयाबरोबर गडद होत जातो. उन्हाळ्याच्या सुमाराला केस झडून नवे आले की मोठा नरही बराच फिका दिसतो, फक्त तोंड आणि पाय काळे राहतात. म्हणजे मे महिन्यात तुमची ओळ घेऊन माळावर गेलेल्या पोराला काळवीट सापडणारच नाही, समोर तीस उभे असले तरी.

प्रत्येक प्राण्याला नर, मादी आणि पिल्लू अशी तीन चित्रं द्या. नाहीतर फलक करू नका.

गोदाकाठ
@सिंदफणा, सोळा गुणिले तीन म्हणजे अठ्ठेचाळीस चित्रं. चार बाय तीन फुटांत एकेक चित्र फार लहान होईल आणि दुरून खूणच दिसायची नाही. फलक तर करायचाच आहे. नर-मादीत, लहान-मोठ्यात सारखी राहणारी खूण कुठं आहे तेवढं शोधून द्या.

बरडमाळ
@सिंदफणा, मुद्दा बरोबर, उपाय चुकीचा. काळविटातही सगळ्यांना सारखी खूण आहे: डोळ्याभोवती पांढरं कडं. नराच्या काळ्या तोंडावर ते चष्म्यासारखं उठून दिसतं, मादीत फिकट असतं पण असतं. दुर्बीण नसेल तर मात्र पोटाची पांढरी सीमा बघावी. बाजूनं उभा असला की वरचा रंग आणि पांढरं पोट यांच्यात आखून काढल्यासारखी रेघ दिसते, मग वरचा रंग काळा असो की पिवळसर. चिंकाऱ्यात रंग असा तटकन तुटत नाही.

सिंदफणा
पटलं. मग चिंकारा शेजारीच घ्या, कारण काळविटाच्या मादीची आणि चिंकाऱ्याची गल्लत सगळ्यांत जास्त होते. चिंकाऱ्याच्या तोंडावर डोळ्यापासून नाकपुडीकडं गडद तपकिरी पट्टा असतो आणि त्याला लागून पांढरी रेघ. शेपूट काळी आणि सतत हलणारी. शिंगं नराला आणि मादीला दोघांनाही. मादीची पेन्सिलीएवढी, सरळ. काळविटात शिंगं नरालाच, पिळाची. म्हणजे डोक्यावर दोन बारक्या सरळ काड्या असलेली हरणी दिसली तर ती चिंकारा मादी.

रानवेडी
रोही, म्हणजे नीलगाय, विसरलात सगळे! मराठवाड्यात रोज दिसणारा हाच प्राणी, हरभऱ्यातून उठवावा लागणारा. नर निळसर राखी, मादी आणि वासरू पिवळसर तपकिरी. दोघांना रंगावरून जोडी म्हणून ओळखणंसुद्धा अवघड. पण एक खूण दोघांत पक्की: चारी खुरांच्या वर पांढरी कडी, पैंजण घातल्यासारखी. गळ्यावर पांढरा पट्टा आणि गालावर दोन पांढरे ठिपके, हेही दोघांना असतात. तुमच्या दहा शब्दांत पैंजण लिहा. पोरांच्या डोक्यात चित्र लगेच बसतं.

फडकरी
खोकडाचं मी सांगतो. आमच्याकडं कोल्हा आणि खोकड दोघांनाही कोल्हाच म्हणायलेत लोक, त्यामुळं ओळ नीट पाहिजे. शेपटीच्या एकट्या टोकावर जाऊ नका, कोल्ह्याच्या शेपटीचं टोकही गडद असतं. फरक असा. खोकड मांजरापेक्षा थोडं मोठं, दोन-तीन किलोचं, पाय काडीसारखे, शेपूट अंगाच्या निम्म्याहून लांब आणि फुगीर, त्याचं टोक शाईत बुडवल्यासारखं काळंभोर. कोल्हा आठ-दहा किलोचा, गावठी कुत्र्याच्या बांध्याचा, शेपूट आखूड. खोकडाच्या कानाची मागची बाजू गडद, कोल्ह्याची अंगाच्याच रंगाची. पळताना मागून बघायला मिळतं ते शेपूट आणि कान, म्हणून तेच लिहा.

तुऱ्हाटी
खोकडाच्या बिळाचं ठिकाण मात्र फलकावर, गावातल्या व्हॉट्सॲपवर, कुठंच टाकू नका. बांधावर नाहीतर गायरानात एकाच जागी पाच-सहा तोंडांची बिळं असतात आणि वर्षानुवर्षं तीच वापरतात. जागा फुटली की कुत्री सोडणारे दुसऱ्या दिवशी हजर होतात.

पाणकाठ
पाण्यावरच्या पक्ष्यांकडं वळू या.

हळदीकुंकू बदक: तुमची ओळ सुरेख आहे, तशीच ठेवा. फक्त जागा लिहा. हळद चोचीच्या टोकाला, कुंकू चोचीच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना एकेक ठिपका, मधली चोच काळी. मादीचं कुंकू बारीक असतं, पिल्लाला नसतंच. हळद मात्र दुरूनही दिसते. चोच पाण्यात असेल तर पाठीवर, शेपटीकडं, पांढरा ठसठशीत चट्टा बघावा.

रोहित: याचं चित्र पेरूच्या गरासारखं गुलाबी छापू नका. जायकवाडीला येतो तो मोठा रोहित. पाण्यात उभा असताना तो जवळजवळ पांढराच दिसतो. पंख उघडले की खांद्याकडं गर्द गुलाबी आणि मागं काळी किनार. चोच फिकट गुलाबी, वाकडी, टोक काळं. लहान रोहित त्याच्याहून बुटका, जास्त गुलाबी, पण त्याची चोच गडद लाल-काळपट. पहिली काही वर्षं रोहिताची पिल्लं राखी-मळकट असतात. हा गुलाबी रंग अंगचा नाही, खाण्यातून येतो. शेवाळ आणि पाण्यातले बारके जीव यांच्यातलं रंगद्रव्य पिसांत उतरतं. म्हणून ‘गुलाबी पक्षी’ ही ओळ काढून ‘वाकड्या चोचीचं टोक काळं’ करा.

रिकाम्या जागेसाठी पट्टकादंब सुचवतो. पांढऱ्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळ्या आडव्या पट्ट्या. हिमालय ओलांडून येणारा हा हंस नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, थंडीत उतरतो. पहिल्या वर्षीच्या पिल्लांना त्या दोन पट्ट्या नसतात, माथ्यापासून मानेपर्यंत सलग गडद रंग असतो. पण पिल्लं कळपातच असतात, शेजारच्या मोठ्यावरून ओळखू येतात.

रानवेडी
हळदीकुंकू बदक म्हणजे आपल्या यादीतली सवाष्ण. तिला पहिल्या ओळीत बसवा!

पाणकाठ
बसवूच. आणि तिच्याशेजारी कवड्या खंड्या घ्या. काळ्या-पांढऱ्या रंगात नर-मादी ओळखायला शिकवणारा याच्याइतका सोपा पक्षी नाही. नराच्या छातीवर दोन काळ्या पट्ट्या, वरची रुंद, खालची बारीक. मादीला एकच, तीही मधोमध तुटलेली. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि सरळ खाली सूर मारतो. मांजरा, माजलगाव, विष्णुपुरी, कुठंही काठावर अर्धा तास बसलं तर दिसतो.

बरडमाळ
टिटवीचं राहिलं. लाल लोळी ही खूण बरोबर, पण ती आहे पाण्याजवळच्या टिटवीची. हिची छाती, गळा काळा आणि डोळ्यामागून मानेवर पांढरा पट्टा. कोरड्या बरड माळावर दुसरी असते, माळटिटवी: लोळी पिवळी, डोक्यावर काळी टोपी, टोपीखाली पांढरी रेघ, छाती मातकट. आपल्याकडं बरड माळ भरपूर, तेव्हा माळटिटवीला डावलू नका. दोघींचे पाय पिवळेच असतात, म्हणून पायावरून ठरवायला जाऊ नये. एकाच चौकटीत दोन डोकी शेजारी शेजारी छापा, अख्खं अंग नको.

हुरडा
भोरड्यांबद्दल. ज्वारी चिकात आली की थव्यानं उतरतात त्या याच. मूळ नाव पळस मैना. ऑगस्ट-सप्टेंबरात मध्य आशियाकडून येतात, पळस आणि सावर फुलून गेल्यावर एप्रिलकडं परततात.

‘अंग गुलाबी’ ही ओळ फेब्रुवारीनंतर बरोबर, त्याआधी फसवी. पिसं झडून नवी येतात तेव्हा त्यांच्या कडा मातकट असतात, त्यामुळं गुलाबी झाकलेलं राहतं आणि पक्षी कळकट दिसतो. थंडीभर त्या कडा झिजत जातात आणि आतला गुलाबी रंग उघडा पडतो. नवं पीस येत नाही, जुन्याच पिसाची कड घासून निघते. त्या वर्षीचं पिल्लू तर पूर्ण मातकट, चोचीचं मूळ पिवळट. ऑक्टोबरातल्या थव्यात अशी पिल्लं खूप असतात, त्यामुळं लोक त्यांना वेगळंच पाखरू समजतात.

ओळ अशी करा: डोकं, पंख, शेपूट काळी, मधलं अंग फिकट गुलाबी किंवा मातकट. पिल्लाला काही ही ओळ लागू नाही, पण थव्यात एक जरी मोठी भोरडी दिसली तरी थवा ओळखला जातो.

फडकरी
भोरड्या कणसं खातात म्हणून त्यांना शत्रू ठरवू नका. नाकतोडे आणि अळ्याही त्याच खातात. हरभऱ्यात घाटेअळीसाठी एकरी वीस पक्षीथांबे लावा म्हणतात ते पाखरांनी बसून अळ्या टिपाव्यात म्हणूनच. थांबा टी आकाराचा, पिकाच्या वर एक-दीड फूट. ज्वारी चिकात असताना मात्र थांबे काढून घ्यायचे आणि सकाळी उजाडताना, दुपारी उन्हं कलताना राखण ठेवायची.

तुऱ्हाटी
रंगाचा विषय चाललाय तर निळ्याचंही थोडं. नीलकंठाच्या पिसात निळं रंगद्रव्य नसतं. पिसाच्या आत बारीक छिद्रांची जाळी असते, तिच्यातून उजेड विखुरतो आणि निळा तेवढा परत येतो. माळावर पडलेलं पीस जागच्या जागी उचलून सूर्याकडं धरलं तर मागून येणाऱ्या उजेडात ते तपकिरी दिसतं, उजेड पाठीशी घेतला की पुन्हा निळं. वर्गात समजावून सांगायला याहून स्वस्त प्रयोग नाही. बघून झालं की पीस तिथंच ठेवायचं.

काळवीट, टिटवी यांचा काळा रंग वेगळा. तो केसात, पिसात असलेल्या मेलॅनिन या रंगद्रव्याचा. त्यानं पीस टणकही होतं. कितीतरी पांढऱ्या पक्ष्यांच्या पंखांची टोकं काळी असतात, कारण झीज तिथंच जास्त होते. रोहिताची काळी किनार आठवा.

रानवेडी
आठवडी बाजारात आणि जत्रेत हिरव्या, पिवळ्या, गुलाबी रंगाच्या चिमण्या पिंजऱ्यात विकायला येतात, त्याबद्दल फलकावर काही लिहिता येईल का? त्या मुनिया असतात, रंगात बुडवलेल्या. असा रंग त्यांचा स्वतःचा नसतो.

ओळखायचं असं: रंग चोचीच्या मुळाशी आणि पायावरही लागलेला असतो, पिसं चिकटलेली असतात, पिसाचा देठसुद्धा रंगलेला. खऱ्या लाल मुनियाच्या नराला विणीच्या हंगामात लाल अंगावर पांढरे टिपके असतात. एरवी तोही तपकिरी, फक्त चोच आणि कंबर लाल. रंगवलेली मुनिया फार जगत नाही, पिसं साफ करताना रंग पोटात जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मुनिया धरणं, विकणं आणि विकत घेणं तिन्ही गुन्हा आहे. विकत घेऊन सोडून दिली तरी विकणाऱ्याला पुढच्या पिंजऱ्याचे पैसे मिळतात.

गोदाकाठ
मुनिया घेतली. नर-मादी नको, नुसता पांढऱ्या टिपक्यांचा लाल नर आणि शेजारी ‘रंगवलेलं पाखरू विकत घेऊ नका’.

आता तरस आणि बिबट्या.

गस्तवाट
तरस: ‘आडवे पट्टे’ म्हणाल तर पोरं पाठीला समांतर पट्टे शोधतील. पट्टे पाठीवरून पोटाकडं उतरणारे, म्हणजे उभे. पायांवर मात्र आडवे. पट्ट्यांच्या जोडीला गळ्यावर काळा चट्टा आणि मानेपासून शेपटीपर्यंत केसांची उभी आयाळ. मागचा भाग पुढच्यापेक्षा उतरता. रात्री रस्त्यावर मोटारसायकलच्या उजेडात पट्टे दिसत नाहीत, उतार दिसतो.

बिबट्या: ‘ठिपके’ नको, ‘पाकळ्यांची वर्तुळं’ लिहा. डोकं, पाय आणि पोट यांवर भरीव ठिपके, पण पाठ आणि कुशीवर तुटक पाकळ्यांची फुलं, आत पिवळसर पोकळी. चित्ता अजूनही मासिकांत बिबट्या म्हणून छापून येतो. त्याचे ठिपके सगळे भरीव असतात आणि डोळ्यापासून तोंडाकडं काळी रेघ असते.

या पट्ट्यांचा आणि पाकळ्यांचा खरा उपयोग पुढं आहे. कुठल्याही दोन वाघांचे, तरसांचे किंवा बिबट्यांचे पट्टे-ठिपके सारखे नसतात. एकाच जनावराची डावी आणि उजवी बाजूही वेगळी. म्हणून जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे जोडीनं लावतात: पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरवर, एकमेकांच्या बरोबर समोर न ठेवता थोडे सरकवून. समोरासमोर ठेवले तर एकाचा झोत दुसऱ्याच्या भिंगात जातो आणि दोन्ही फोटो पांढरे येतात. वाटेवरचं गवत कापावं लागतं. नाहीतर वाऱ्यानं हललेल्या पात्याचे फोटो निघून बॅटरी संपते. उगवती-मावळतीकडं तोंड करून लावलेला कॅमेराही असाच फुकट जातो.

मार्च २०२१ मध्ये गौताळा अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात आला, तेव्हा पट्टे जुन्या फोटोंशी ताडून तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा असल्याचं कळलं. येडशी रामलिंग अभयारण्यात आलेला वाघही टिपेश्वरचाच, तेही पट्ट्यांवरूनच ठरलं. नाहीतर इतक्या लांबून आला हे कुणाला खरं वाटलं नसतं.

सिंदफणा
@गस्तवाट, फार उपयोगी. बिबट्याच्या ओळीला जोडून पिल्लाचा प्रश्न येतोच. ऊसतोडीत सापडलेलं प्रत्येक ठिपक्याचं पिल्लू ‘बिबट्याचा बछडा’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतं. त्यातली कित्येक वाघाटीची असतात.

फडकरी
वाघाटी म्हणजे आपल्याकडची सगळ्यांत लहान रानमांजर. पूर्ण वाढलेली सुद्धा एक ते दीड किलो. अंगावर पाकळ्या नसतात, भरीव गंजाच्या रंगाचे ठिपके असतात, ओळीनं. डोळ्यांच्या आतल्या कडेनं दोन पांढऱ्या रेघा कपाळावर चढलेल्या. डोळ्यांपासून मानेकडं गडद रेघा. शेपटीवर ठिपके जवळजवळ नाहीत. बिबट्याच्या पिल्लाची शेपूट जाड आणि ठिपकेदार, पंजे अंगाच्या मानानं भले मोठे, कान गोल आणि कानामागं पांढरा डाग.

तिसरं आहे रानमांजर, ज्याला बाऊल म्हणतात. मोठं झाल्यावर अंग साधं, फक्त शेपटीवर कडी आणि कानाच्या टोकाला काळे केस. पण पिल्लांच्या अंगावर पट्टे-ठिपके असतात, म्हणून घोळ होतो. कान टोकदार दिसले की बाऊल.

कुठलंही असो, करायचं एकच. हात लावायचा नाही, उचलून आखाड्यावर आणायचं नाही, फोटोसाठी घोळका करायचा नाही. त्या सरीपासून टोळी दुसऱ्या बाजूला न्यायची, पाचट पेटवायचं नाही, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. आई दिवसा जवळ येत नाही, अंधार पडल्यावर येते. पिल्लू त्याच जागी असेल तरच तिला सापडतं.

रानवेडी
१९२६ हा आकडा फलकाच्या तळाला मोठा छापा. कुठलीही ओळ काढावी लागली तरी चालेल, हा ठेवा.

गस्तवाट
माझा आक्षेप मण्यारीवर आहे. शाळेच्या फलकावर साप ओळखायची खूण नको. पोरगं पट्टे मोजायला जवळ जाईल.

हुरडा
उलट सापच पाहिजे. मराठवाड्यात पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यार रात्री चावते. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज नाही, वेदना नाही, आणि पहाटे पापण्या जड होतात, गिळता येत नाही. पोटात दुखतंय म्हणून घरीच ठेवतात. हे पोरांना माहीत हवं.

सिंदफणा
दोघांचंही बरोबर आहे. पण ओळ चुकीची आहे, म्हणून आधी ती दुरुस्त करू. पांढऱ्या पट्ट्यांचा काळा साप म्हणजे कवड्या सापही असू शकतो, जो विषारी नाही. मण्यारीच्या पांढऱ्या पट्ट्या बारीक, बहुधा जोडीनं, डोक्याजवळ नसतात किंवा पुसट, शेपटीकडं जाताना स्पष्ट होतात. कवड्याच्या पट्ट्या रुंद, मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडं पुसट होतात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध षट्कोनी मोठ्या खवल्यांची रांग असते, पण ती बघायला कुणी जाऊ नये.

आणि मुख्य गोष्ट: उपचारासाठी साप ओळखायची गरजच नाही. आपल्याकडचं सर्पदंशाचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच चालतं. मारून पिशवीत घालून नेण्यात वेळ जातो आणि दुसरा माणूस चावून घेतो. अंगठी, कडं, घड्याळ काढायचं, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, करकचून बांधायचं नाही, चिरायचं नाही, सरळ सरकारी दवाखाना गाठायचा.

गस्तवाट
असं लिहिलं तर माझी हरकत नाही. पण चित्राशेजारी ‘ओळखायला जवळ जाऊ नका’ हे लाल अक्षरांत पाहिजे. आणि मण्यारीचं चित्र वेटोळं घातलेलं नको, पूर्ण लांबीचं, शेपटीसकट. शेपूट कापली तर खूणच गेली.

पाणकाठ
छपाईबद्दल चार गोष्टी. फ्लेक्सवर छापू नका. उन्हाच्या भिंतीवर वर्ष-दोन वर्षांत लाल-गुलाबी आधी उडतो आणि रोहित, भोरडी, टिटवीची लोळी तिन्ही पांढरी होतात. काळा आणि निळा सगळ्यांत उशिरा उडतो. विनाईल छापून वर मॅट लॅमिनेशन, खाली सनबोर्डचा हलका कडक तक्ता, आणि व्हरांड्यात सावलीच्या भिंतीवर. चकचकीत लॅमिनेशन घेतलं तर खिडकीचा उजेड परावर्तित होऊन चित्र दिसत नाही. आधी एक चौकट छापून घ्या आणि ती बाहेर सावलीत धरून बघा, संगणकाच्या पडद्यावर नाही. रोहिताचा गुलाबी आणि नीलकंठाचा आकाशी पडद्यावर दिसतो तसा कागदावर येत नाही.

चित्रं सगळी बाजूनं, एकाच दिशेला तोंड करून. आकार कळायला कोपऱ्यात चिमणी, साळुंकी आणि कावळा यांच्या काळ्या सावल्या छापा आणि पक्ष्याखाली ‘साळुंकीएवढा’ असं लिहा. खूण रंगाची असली तरी आकाराशिवाय ती फसते.

बरडमाळ
आकाराचा मुद्दा अगदी महत्त्वाचा. भोवत्या शिकारी पक्षी घ्यायचा विचार होता, पण त्यात माद्या एकमेकींसारख्या, दोन्ही जातींत कमरेवर पांढरा चट्टा. माँटेग्यूच्या भोवत्याच्या नराच्या पंखावर काळी रेघ असते, फिकट भोवत्याच्या नराच्या पंखाच्या टोकाला काळी पाचर. एका ओळीत हे बसत नाही. त्यापेक्षा कापशी घार घ्या: पांढरं-राखी अंग, खांद्यावर काळा चट्टा, डोळे लाल. एकाच जागी पंख फडफडवत थांबते. मोठ्या नर-मादीत फरक नाही.

रानवेडी
आणि हरियाल? राज्याचा पक्षी फलकावर नाही हे बरं दिसत नाही. वडावर-उंबरावर पानांत दडून बसतो, रंग पानांसारखा, पण पाय पिवळेधमक. बाकीची कबुतरं लाल पायांची असतात. खूण खाली बघून शोधायची, वर नाही.

गोदाकाठ
धन्यवाद मंडळी. बदललेला मसुदा टाकतो, शेवटचं बघून घ्या.

काळवीट – पोटाची पांढरी सीमा आखल्यासारखी, डोळ्याभोवती कडं
चिंकारा – तोंडावर डोळ्यापासून नाकाकडं गडद पट्टा
रोही – चारी खुरांवर पांढरं पैंजण
खोकड – फुगीर शेपटीचं टोक काळंभोर, कानामागं गडद
तरस – अंगावर उभे पट्टे, गळ्यावर काळा चट्टा, पाठ उतरती
बिबट्या – कुशीवर पाकळ्यांची वर्तुळं
वाघाटी – गंजाच्या रंगाचे भरीव ठिपके, कपाळावर दोन पांढऱ्या रेघा
नीलकंठ, तास – उडताना पंखांवर गडद-फिकट निळे पट्टे
टिटवी, माळटिटवी – लोळी लाल, लोळी पिवळी
हळदीकुंकू बदक – हळद चोचीच्या टोकाला, कुंकू मुळाशी
भोरडी – डोकं, पंख, शेपूट काळी. अंग गुलाबी किंवा मातकट
रोहित – वाकड्या चोचीचं टोक काळं
कवड्या खंड्या – नराला दोन काळ्या पट्ट्या, मादीला एक तुटकी
लाल मुनिया – लाल नरावर पांढरे टिपके
हरियाल – पिवळेधमक पाय
मण्यार – पांढऱ्या जोडपट्ट्या शेपटीकडं स्पष्ट. जवळ जाऊ नका

पट्टकादंब आणि कापशी घार पुढच्या फलकाला, धरणकाठच्या शाळांसाठी वेगळा करू. १९२६ तळाला, तळहाताएवढा.

सिंदफणा
काळविटाच्या चित्रात नर घेऊ नका, मादी घ्या, बाजूनं उभी. काळा नर सगळ्यांना येतोच.

पाणकाठ
कवड्या खंड्याचं चित्र मादीचं नको, नराचं घ्या. मादीची तुटकी पट्टी लहान छापली की सलग दिसते. आणि माळटिटवीच्या लोळीचा पिवळा हळदीसारखा नको, लिंबासारखा. नाहीतर एकाच फलकावर दोन्ही पिवळे सारखे दिसतील.